यादीतली नावे आणि मधले यंत्र



या व्याख्यानमालेचे बोलावणे आले तेव्हा आम्हाला वाटले की बोनस, महागाईभत्ता, फार तर कंत्राटी कामगारांचा प्रश्न, यांपैकी कशावर तरी बोलावे लागेल. परंतु चालक म्हणाले, "ते तुम्ही बाराही महिने बोलता. यंदा त्या यादीची हकिगत सांगा." आम्ही म्हटले, "अहो, ती संगणकाची हकिगत. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे, पुढचे सारे कारखान्याच्या खात्यात आणि रात्रीच्या दिव्याखाली झालेले. तज्ज्ञ माणूस बोलवा." ते म्हणाले, "तज्ज्ञ सांगतात ते लोकांना समजत नाही. तुम्हाला समजले आहे, तर तुम्ही सांगा." तेव्हा जे आम्हाला समजले तेवढेच सांगणार आहोत. त्यात आमची एक चूकही सांगावी लागेल, आणि ती झाकून ठेवावी अशी आमची इच्छा नाही.

काही वर्षांपूर्वी एक कारखाना बंद पडला. कामगारांची देणी थकली होती. पुष्कळ भांडून असे ठरले की देणेकऱ्यांची यादी जाहीर करावी, ज्यांचे नाव नसेल अथवा रक्कम चुकली असेल त्यांनी पंधरा दिवसांत हरकत घ्यावी, आणि त्यानंतर यादी कायम समजावी. यादी ठेवली होती कारखान्याच्या कचेरीतील आतल्या संगणकावर. तो संगणक बाहेरच्या जगाला दिसत नसे. म्हणून असे ठरले की आमच्या संघटनेच्या यंत्राने आतली पाने घ्यावी आणि बाहेरच्या लोकांस दाखवावी. कामगार कोकणात, देशावर, कोणी गुजराथेत पांगलेले. ज्याला त्याला आपल्या गावी बसून मोबाईलवर नाव पाहता यावे, एवढाच हेतू.

पहिल्याच दिवशी एक बाई आमच्या कचेरीत आल्या. पती वारले होते. पदराखालून मोबाईल काढून म्हणाल्या, "दादा, आमच्या मालकांचं नाव यात कुठं आहे तेवढं दाखवा." आम्ही पाहिले. तिकीट नंबर होते, रकमा होत्या, पैसुद्धा इकडची तिकडे नव्हती. परंतु नावाच्या रकान्यात मराठीचे एक अक्षर नाही! रोमन ए, त्याच्या डोक्यावर तिरकी रेघ, मग चार शिंगांचे वर्तुळ, मग अंशाचे चिन्ह, असली काही तरी किडामुंगी. बाईंना तिकीट नंबर ठाऊक नव्हता. पतीचे नाव तेवढे ठाऊक होते. आणि गेले होते ते नेमके नावच.

आम्ही काय केले? त्याच संध्याकाळी गेटवर सभा घेतली आणि सांगितले की, "बंधूंनो, रक्कम शाबूत आहे आणि माणूस नाहीसा केला आहे! हरकत कोणी घेऊ नये म्हणून नावे मुद्दाम पुसली आहेत!" टाळ्या पुष्कळ पडल्या. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या कचेरीतील अधिकाऱ्याने आम्हाला आत नेऊन आपल्या पडद्यावर यादी दाखविली. सगळी नावे स्वच्छ मराठीत! तो म्हणाला, "आमच्याकडे बरोबर दिसते. तुमच्याकडे बिघडते, त्याला आम्ही काय करणार?" तो खोटे बोलत नव्हता. आणि खोटे बोलत नाही असा प्रतिपक्ष भेटला म्हणजे कामगार कार्यकर्त्याची फार पंचाईत होते.

आमच्या एका जुन्या सभासदाची मुलगी संगणक शिकलेली. तिला बोलाविले. तिने अर्धा तास पाहिले आणि म्हणाली, "काका, कोणी काही पुसलेलं नाही. वाटेत चुकीचं वाचलं गेलंय." आम्ही म्हटले, "पोरी, यंत्र कधी चुकीचे वाचते का?" ती म्हणाली, "यंत्र वाचतच नाही, काका. ते आकडे मोजतं." येथून आमच्या शिक्षणाला आरंभ झाला.

संगणकापाशी अक्षरे नसतात, आकडे असतात. ० ते २५५ यांतला एकेक आकडा म्हणजे एक बाइट. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर, याचा तक्ता माणसांनी ठरवावयाचा. अमेरिकेत १९६३ साली अस्की नावाचा तक्ता ठरला. त्यात १२८ जागा: इंग्रजी अक्षरे, आकडे, विरामचिन्हे. त्यांचे भागले. मग पश्चिम युरोपने उरलेल्या जागी आपली टिंबे-रेघांची अक्षरे बसवून १९८७ साली लॅटिन-१ हा तक्ता केला. आपल्याकडे १९९१ साली भारतीय लिप्यांकरिता इस्कीचे मानक निघाले. त्याच साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिने जगातल्या सर्व लिप्यांना एका मस्टरवर घेण्याचा संकल्प केला आणि देवनागरीला त्यात आरंभापासून जागा दिली. पुढे १९९२ च्या सप्टेंबरात केन टॉम्प्सन आणि रॉब पाईक या दोघांनी न्यू जर्सीतील एका खाणावळीत बसून, टेबलावर अंथरलेल्या कागदावर, युनिकोडचे आकडे बाइटांत बांधण्याची एक रीत मांडली. तीच यूटीएफ-८. आज बहुतेक सारी मराठी पाने या रीतीने लिहिली जातात.

या रीतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी अक्षराला तीन. 'राम' हा शब्द घ्या. र, काना आणि म, असे त्याचे तीन घटक. र म्हणजे २२४, १६४, १७६. काना म्हणजे २२४, १६४, १९०. म म्हणजे २२४, १६४, १७४. एकूण नऊ आकडे. आता हेच नऊ आकडे कोणी लॅटिन-१ च्या तक्त्याने वाचले तर? त्या तक्त्यात २२४ म्हणजे तिरक्या रेघेचा ए, १६४ म्हणजे चलनाचे चिन्ह, १७६ म्हणजे अंशाचे चिन्ह, १९० म्हणजे पाऊण हा अपूर्णांक, आणि १७४ म्हणजे वर्तुळातला आर, नोंदलेल्या व्यापारचिन्हाची खूण. प्रभू रामचंद्रांचे पाऊण व्यापारचिन्ह होते! आकडा एकही हरवलेला नसतो. चुकतो तो तक्ता.

मग आमच्या यादीत रकमा कशा बरोबर राहिल्या? कारण त्या इंग्रजी आकड्यांत लिहिल्या होत्या, आणि अस्कीच्या १२८ जागा लॅटिन-१ मध्ये आणि यूटीएफ-८ मध्येही एकच आहेत. म्हणजे तक्ता चुकला तरी इंग्रजीला त्याची झळ लागत नाही. इंग्रजी पान त्या यंत्रातून हजार वेळा नेले तरी 'सर्व ठीक' असाच शेरा मिळणार. बिघाड मराठीलाच होतो, आणि तपासणाऱ्याने मराठीत तपासले नाही तर तो कधीच दिसत नाही.

आता ते मधले यंत्र. त्याला प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात. प्रॉक्सी हा शब्द कंपनीच्या सभेमुळे आपल्या परिचयाचा आहे: दुसऱ्याच्या वतीने जो उभा राहतो तो. कित्येक प्रॉक्सी पाकीट न उघडता पुढे देतात, त्यांच्याकडून अक्षरांचा घोटाळा सहसा होत नाही. परंतु आमच्या यंत्राला पाकीट उघडणे भाग होते. कारण पानांतले दुवे आतल्या संगणकाच्या पत्त्याचे, ते बाहेरच्याला उघडणार नाहीत. म्हणून ते खोडून त्या जागी बाहेरचे पत्ते लिहावयाचे. अपाचे या प्रसिद्ध सर्व्हरमध्ये या कामाला एक खास भाग आहे, आणि इतर सर्व्हरांतही अशा सोयी आहेत. अपाचेचा तो भाग आलेले पान उलगडून आपल्या अंतर्गत युनिकोडमध्ये घेतो, पत्ते बदलतो, आणि बहुधा यूटीएफ-८ मध्ये पुन्हा बांधून पुढे देतो. उलगडताना पान कोणत्या तक्त्यात आहे हे त्याला कोणी तरी सांगावे लागते.

हे सांगावयाच्या जागा ठरलेल्या आहेत. एक, पानासोबत येणारे हेडर, म्हणजे पाकिटावरची चिठ्ठी. दुसरी, पानाच्या आत माथ्यावर लिहिलेला मेटा टॅग, तो पहिल्या १०२४ बाइटांच्या आत असावा असा नियम आहे. शिवाय पानाच्या अगदी आरंभी २३९, १८७, १९१ अशी तीन बाइटांची एक खूणही असू शकते. मतभेद झाला तर ब्राउझर ही खूण प्रथम मानतो, मग हेडर, मग मेटा टॅग. म्हणून पानात 'यूटीएफ-८' असे लिहिले असले आणि मधल्याने हेडरवर 'लॅटिन-१' असे चिकटविले, तर पानाचे कोणी ऐकत नाही. वरिष्ठाचा शेरा चालतो!

आणि चिठ्ठीच नसेल तर? एचटीटीपीच्या १९९९ च्या नियमावलीत एक कलम होते: मजकुराचे पान असून तक्ता सांगितलेला नसेल तर लॅटिन-१ धरावा. २०१४ च्या नियमावलीत ते कलम काढून टाकले. परंतु कलम रद्द झाले म्हणून खात्यातली वहिवाट बदलते असे नाही, हे कामगारांना आम्ही सांगावयास नको. जुना फोरमन जुन्याच नियमाने खाडा मांडीत राहतो.

आमच्याकडे तेच घडले होते. कारखान्याच्या संगणकाने यादी यूटीएफ-८ मध्येच लिहिली होती, परंतु तसे ना हेडरवर सांगितले, ना पानात. अधिकाऱ्याच्या ब्राउझरने अंदाज केला आणि तो बरोबर आला, म्हणून त्याला स्वच्छ मराठी दिसली. आमच्या प्रॉक्सीला कोणी तरी पूर्वी सांगून ठेवले होते की चिठ्ठी नसेल तर लॅटिन-१ धर. त्याने तसे धरले, प्रत्येक बाइटाला एकेक युरोपीय अक्षर मानले, त्याचे पुन्हा यूटीएफ-८ मध्ये दोन दोन बाइट केले, आणि वर मोठ्या इमानदारीने 'यूटीएफ-८' अशी चिठ्ठी लावून दिले. 'राम' आत नऊ बाइटांचा होता, बाहेर अठरा बाइटांचा झाला. चिठ्ठी खरी, आतला माल नासलेला!

म्हणजे निम्मा दोष त्यांचा, सांगितले नाही म्हणून. आणि निम्मा आमचा, विचारले नाही म्हणून.

आता असा बिघाड शोधावा कसा, ते सांगतो. ही रीत आम्हाला नवी वाटली नाही. कामगाराची तक्रार आली म्हणजे आम्ही खात्याखात्यात जाऊन प्रत्येकाला तोच प्रश्न विचारतो आणि जबानी लिहून घेतो. येथेही तेच करावयाचे.

प्रथम, प्रॉक्सीला वगळून आतल्या संगणकाकडून सरळ पान मागावे. मग तेच पान प्रॉक्सीतून मागावे. दोन्ही वेळा हेडर आणि बाइट लिहून ठेवावे. येथे डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, कारण ब्राउझर स्वतः अंदाज करतो आणि सत्य झाकतो. कर्लसारखे साधे अवजार घ्यावे, ते जे आले तेच दाखविते. सबंध यादी घेऊ नये, 'राम' एवढाच शब्द असलेले एक पान करावे आणि त्याच्या मागे चालत जावे. बाहेर २२४, १६४, १७६ असेच निघाले तर माल ठीक आहे, चिठ्ठी तेवढी चुकली. १९५, १६०, १९४, १६४, १९४, १७६ असे निघाले तर मधल्याने चुकीचे वाचून पुन्हा बांधले आहे, तेथे नुसती चिठ्ठी बदलून उपयोग नाही. आमच्या पहिल्या कारागिराने दोन दिवस चिठ्ठ्याच बदलण्यात घालविले.

पडद्यावरची लक्षणेही बोलकी असतात. 'राम' च्या जागी नऊ परकी चिन्हे आली तर वाचताना तक्ता चुकला आहे, बहुधा काही हरवलेले नाही. तीनच प्रश्नचिन्हे आली तर वाचले बरोबर, परंतु मराठीला जागाच नाही अशा तक्त्यात बांधले. ते नाव गेले, त्या पानातून ते परत मिळत नाही, मूळ प्रतीकडेच जावे लागते. काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह आले तर यूटीएफ-८ म्हणून वाचताना तुटके बाइट मिळाले. ते पान तसेच जतन केले तर त्याचेही मूळ गेले. आणि नुसते रिकामे चौकोन आले तर बिचाऱ्या प्रॉक्सीला बोल लावू नये, त्या मोबाईलमध्ये मराठीचा फाँट नाही.

कधी सबंध पान ठीक असते आणि मध्येच एखादे अक्षर तुटते, उद्या दुसरे तुटते. तेव्हा समजावे की मधले यंत्र पान घासाघासाने वाचते, समजा ८१९२ बाइटांचा एक घास, आणि प्रत्येक घास स्वतंत्र समजून उलगडते. तीन बाइटांचे अक्षर दोन घासांच्या मध्ये सापडले की मोडले. कधी यादीचा शेवटच गळतो: पान बदलल्याने लांबी वाढली, परंतु हेडरवर जुनीच लांबी राहिली. ब्राउझर तेवढेच मोजून घेतो आणि शेवटची नावे सोडून देतो. कधी पान दाबून लहान केलेले येते. न उघडता त्यात पत्ते सापडत नाहीत, म्हणून ते आधी उघडावे, अथवा आतल्या संगणकाकडून न दाबलेलेच मागावे. आणि सारे दुरुस्त झाल्यावरही बिघडलेलेच दिसत राहिले, तर साठवून ठेवलेली जुनी प्रत पुढे दिली जात आहे काय ते पाहावे. नाही तर बरोबर केलेले काम माणूस पुन्हा मोडून ठेवतो.

परतीची वाटही तपासावी. हरकतीचा अर्ज त्याच पानावर असेल आणि पानावर लॅटिन-१ ची चिठ्ठी असेल, तर कामगाराने लिहिलेला 'र' ब्राउझर २३५२ या आकड्याच्या रूपाने धाडतो, कारण त्या तक्त्यात 'र' ला जागा नाही. कचेरीत अर्ज पोहोचतो तो अक्षरांच्या जागी आकड्यांची माळ होऊन.

एवढे ऐकल्यावर कोणी म्हणेल, "मग प्रॉक्सीवर सरसकट हुकूम लावा की सर्व पाने यूटीएफ-८ समजावी." आम्हालाही तसेच वाटले होते. परंतु युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्याकडे मराठी कशी लिहीत ते आठवा. बाइट रोमन अक्षरांचे, आणि फाँट असा की त्या जागी देवनागरीचे तुकडे उमटावे. आमच्या संघटनेची जुनी परिपत्रके तशीच आहेत. त्यांच्यावर यूटीएफ-८ चा शिक्का मारला तर उरलेसुरलेही तुटते. ती निराळी ओळखून कायमची रूपांतरित करावी लागतात. सरसकट हुकूम हा मालकाचा असो की संघटनेचा, त्यात कोणी तरी भरडला जातोच.

आमची दुरुस्ती अखेर फार लहान निघाली. आतल्या संगणकाच्या हेडरवर 'यूटीएफ-८' असे लिहविले. पानाच्या माथ्यावर तेच लिहिले. आणि प्रॉक्सीला सांगितले की चिठ्ठी नसेल तर गुपचूप अंदाज करू नको, पान थांबव आणि आम्हाला कळव. वीस मिनिटांचे काम. परंतु त्याआधी पंधरांपैकी नऊ दिवस गेले होते.

मग आम्ही आत आणि बाहेर काढलेल्या दोन्ही जबान्या, म्हणजे आकड्यांचे ते दोन कागद, घेऊन अधिकाऱ्याकडे गेलो. घोषणा दिल्या नाहीत. म्हटले, "निम्मी चूक तुमची आहे, निम्मी आमची आहे, आणि दोन्हींचा दंड कामगार भरीत आहे. गेलेले नऊ दिवस परत द्या." त्याने कागद पाहिले आणि मुदत वाढवून दिली. नुसत्या गेटवरच्या भाषणावर ती मिळाली असती असे आम्हाला वाटत नाही.

नंतर त्याच गेटवर आम्ही पुन्हा सभा घेतली आणि सांगितले की, नावे मुद्दाम पुसली हे आमचे बोलणे चुकीचे होते, ते आम्ही परत घेतो. टाळ्या पडल्या नाहीत. एक म्हातारा कामगार तेवढे म्हणाला, "दादा, हे बरं केलंत." त्या बाईही आल्या होत्या. त्यांच्या पतीचे नाव यादीत होते, परंतु रक्कम कमी लावली होती. नाव वाचता आले म्हणून ती चूक समजली, आणि हरकत घेता आली.

बंधुभगिनींनो, आज आपली शिधापत्रिका, सातबारा, मुलांचे निकाल, सारे कोठून तरी निघून मधल्या अनेक यंत्रांतून आपल्या हाती येते. मध्यस्थ असण्याला आमची हरकत नाही, आम्ही स्वतः जन्मभर मध्यस्थीच केली आहे. परंतु मध्यस्थाला जी भाषा समजली नाही ती समजल्याचा आव त्याने आणू नये. धाडणाऱ्याने कोणत्या तक्त्यात लिहिले ते सांगावे, मधल्याने ते जसेच्या तसे पुढे न्यावे, आणि पेटीतून काढून नवे यंत्र बसविणाऱ्याने पहिली चाचणी इंग्रजीत न घेता मराठीत घ्यावी. आपण ज्या कचेरीत जाल, ज्या बँकेत जाल, तेथे एवढा एक प्रश्न विचारीत जा: "आमच्या भाषेत तपासून पाहिले का?" पाच जणांनी विचारले तर उत्तर मिळणार नाही. पाचशे जणांनी विचारले तर मिळेल. आमच्या धंद्यात आम्ही तेवढे एक निश्चित शिकलो आहोत.